दुखरी हिरडी

"परत भोपळ्याचं सूप?" पर्सीने पातेल्यावरचं झाकण उचललं.

"ते लेनचं आहे. हात लावू नकोस," एनिड म्हणाली. "तुझी खिम्याची पेस्टी ओव्हनमध्ये आहे, घे काढून."

पेस्टीची कडक कड खालच्या हिरडीला लागली आणि पर्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघायला एनिड होती कुठे? ती पातेलं घेऊन केव्हाच शेजारी लेनकडे गेली होती.

महिनाभर ती जागा ठणकत होती. कवळी काढून तो आरशात पाही. लालभडक चट्टा, मधोमध पांढुरका. लेनचा कॅन्सरही असाच सुरू झाला होता. ऑपरेशनमध्ये त्याची अर्धी जीभ गेली, वाचाही गेली. दोघांनी बंदरावर गव्हाची पोती एकत्र वाहिली होती, पाईपही एकाच डबीतल्या तंबाखूने भरले होते.

आणि लग्नाआधी एनिड शनिवारी नाचायला जायची ती लेनबरोबर.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून लेनचा व्हरांडा दिसे. एनिड त्याची हनुवटी धरून चमचा चमचा भरवत होती. माझी हनुवटी कधी धरली होती हिने? असलं तर असू दे मलाही तेच, पर्सीच्या मनात आलं, आणि तो स्वतःलाच घाबरला.

ती परतल्यावर त्याने सांगून टाकलं. "मलाही झालंय. लेनला झालंय तेच."

पातेलं खाली ठेवून तिने टॉर्च घेतला. "आ कर."

त्याची हनुवटी धरून तिने आत उजेड पाडला. "अरे, बोलला का नाहीस?"

"तुला वेळ कुठे होता?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला कडिना गावात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कवळी बोटांत फिरवून पाहिली.

"हिची कड रुततेय. रात्री काढून ठेवता ना?"

"नाही."

"का हो?"

पर्सी एनिडकडे न बघता पुटपुटला, "लेनचे सगळे दात त्याचे स्वतःचे आहेत."

बाईंनी कड घासून दिली. "दोन आठवडे बघू. जखम नाही भरली, तर पुढची तपासणी. पण तसलं काही असेल असं मला वाटत नाही."

गाडीत बसल्यावर एनिडला हसू फुटलं. "बोळक्या तोंडाचाही चालला असतास रे मला!" हसता हसता ती रडायला लागली. "दोघांना भरवायचं बळ नव्हतं माझ्यात, पर्सी."

जखम भरली. मग एका दुपारी तो तिच्याबरोबर लेनकडे गेला.

"माझ्याच कवळीने चावा घेतला मला," पर्सीने सांगितलं. लेनचे खांदे हसण्याने गदगदले. आवाज नव्हताच.

वारा सुटला होता. पर्सीने वाकून लेनच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. तरी कॉलर आणि मानेच्या मध्ये पर्सीचा अख्खा पंजा मावत होता.