शिंगाळ्याच्या पोटातली टिकटिक

मी टॅग बोलून राहिलो. लोक गोळी म्हणते मले. बंदुकीची नाई अन् तापाचीबी नाई, माशाच्या पोटात ठेवाची गोळी. करंगळीएवढा जीव माया. आत सेल, अन् काम एकच, पान्यात टिकटिक कराची. मासा जिथं, तिथं मी.

जनमलो कुठी ते मले मालूम नाई. डोळे उघडले तं सरिता म्याडमच्या चिमट्यात होतो. म्याडम वाडीले भाड्याच्या खोलीत राह्यते, ट्रकाची धूळ खात स्कूटीनं कामठीच्या वरतं कन्हान नदीवर येते. मासे कुठी जाते, कुठी दडते, ह्याचा अभ्यास करते. तिनं एका जंगी शिंगाळा माशाले गुंगी देली, पोट चिरलं, मले आत कोंबलं अन् टाके मारले. मले कोनी इचारलं का? नाई!

आत अंधार, बुळबुळ. अन् शिंगाळा म्हणजे बह्याड जनावर, दिवसभर दगडाखाली बसून राहे. कोंडून कोंडून डोस्कं फिरे माया.

नत्थूजी ढिवर म्याडमचा डोंगा चालवे. म्याडम पान्यात यंत्र सोडे, कानाले हेडफोन लावे. आयकनं सोपं नाई बाप्पा. रेतीवाल्याची मोटर सुरू झाली का माया आवाज गेला. दगडाआड गेलो का गेला. पुराचं तं इचारूच नका. म्याडमनं आनखी माशाईतबी टॅग घातलते, ते असेच हरवले. कोनी बंधाऱ्यावरून वाहून गेला, कोनाचा पत्ताच नाई. उरलो मी एकटा.

मंग एक दिवस नत्थूजीच्याच जाळ्यात माया शिंगाळा आला. टाके भरून आलते, नत्थूजीले काई समजलं नाई. घरी त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं, पावशीच्या पात्यावर मासा चिरला अन् मी टणकन ताटात पडलो.

"आवो, इकडं या! ह्याच्या पोटात काय निंगालं पाहा."

नत्थूजीनं मले उचलून पाह्यलं. "अवं, हा तं म्याडमचा मासा व्हय!"

"मंग द्या नेऊन."

"अन् काय सांगू? रोज डोंग्यात बसवून शोधतो, अन् घरी नेऊन खाल्ला म्हनू?"

"खाल्ला कुठी? अजून तं शिजाचा हाय."

पान्याबाहेर माया आवाज कोनाले जात नाई. दुसऱ्या दिवशी म्याडम डोह पालथा घालून राहिली, मी इकडं चुलीपाशी वाटीत. नत्थूजी वल्हं मारे. ती रडाले आली, तरी ह्याचं तोंड उघडलं नाई.

त्याईच्या घरची रीत हाय. माशाच्या पोटात जे सापडलं ते डोहाचं. आंगठी असो का खिळा, घरात ठेवाचं नाई. प्रयागबाईनं मले हळदकुंकू लावलं, हात जोडले अन् डोहात सोडलं. मी घसरत घसरत एका खडकाच्या भेगेत जाऊन फसलो.

सकाळी म्याडमनं हेडफोन लावले तं टिकटिक! अशी उडाली का डोंगा पलटता पलटता राहिला.

"नत्थूजी, आहे तो! जिवंत आहे!"

अवं बाई, मेला तो! रश्शात गेला! मी जीव तोडून सांगून राहिलो. पन मले एकच बोल येते. टिक.

रोज तेच. आवाज एकाच जागी, पन शिंगाळा बसूनच राह्यते, म्हणून म्याडमले शंका नाई आली. तिनं वर कळवलं का हा मासा उन्हाळ्यातबी हा डोह सोडत नाई. मासेखात्याचे सायब म्हणे, मंग इथं जाळं बंद करू. अन् नत्थूजीची चूल ह्याच डोहावर पेटते.

"सांगून टाका ना," प्रयागबाई काठावरून म्हणे.

"कोनत्या तोंडानं सांगू वं?"

त्यानं दुसराच उपाय केला. एकटा आला अन् मले काढाले बुडी मारली. बोटं माया आंगाले लागले. नखानं खरवडलं. हात घाल ना बे अजून! पन भेग अरुंद, त्याचा दम तुटला. वर गेला तो परत खाली आला नाई.

जाळंबंदीची पाटी लावाले सायब येनार होते, त्याच्या आदल्या दिवशी म्याडमनं हेडफोन नत्थूजीच्या कानाले लावले. "ऐका. तुमच्यामुळं सापडला हा."

नत्थूजीनं आयकलं. मंग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"म्याडम, त्याले आमी खाल्लं."

"काय?"

"खाल्लं जी. जाळ्यात आला तवा वळखला नाई. मंग भेव वाटलं."

डोंगा डुलत राहिला. म्याडमनं हेडफोन उचलून परत कानाले लावले. "मग हे कोण बोलून राहिलं?"

"तुमची गोळी. प्रयागनं हळदकुंकू लावून डोहाले परत देल्ली."

म्याडम हासली का रडली, खालतून समजलं नाई. मंग बारीक आवाजात म्हणाली, "चवीला चांगला तरी होता का?"

"खोटं नाई सांगत. प्रयागच्या घशाखाली घास उतरला नाई."

पाटी काई लागली नाई. म्याडमची मेहनत पान्यात गेली. आता ती दुसऱ्या डोहात नवे टॅग सोडते, अन् ढिवराच्या घरोघरी जाऊन सांगते का गोळी सापडली तं भेऊ नका, मले हाक मारा.

अन् मी? खरं भायेर पडलं अन् मले आयकनारा कान गेला. यंत्र घेऊन कोनी येत नाई. वरतून नत्थूजीचा डोंगा जाते, जाळं पडते, उठते. मी भेगेतच. सेल उतरून राहिला, तरी टिक म्हनल्याबिगर राहवत नाई.

कधी पानी उतरलं अन् खडकाच्या भेगेत तुमाले हळदीचा पिवळा डाग दिसला, तं काडी घालून मले उकरा. पन एक करा बाप्पा, हळदकुंकू लावून परत नका देऊ.