सरकारी विरुद्ध कारखाना

माझी बायको मला दर वर्षी आऊट करते. हे मी अलंकारिक भाषेत सांगत नाही. खरोखर करते, तेही पेंडल हिलच्या मैदानावर, टेनिस बॉलने, निम्म्या ओळखीच्या लोकांच्या देखत.

सिडनीत आम्हा मराठी इंजिनिअर लोकांची एक लीग आहे. ज्याने ज्या कॉलेजात शिक्षण घेतलं त्याने त्या कॉलेजच्या टीममधून खेळायचं. बायका-पुरुष एकत्र, आठ टीम, आणि सगळ्यांनी सगळ्यांशी एकेक मॅच खेळायची. चित्रलेखा, म्हणजे माझी बायको, एका जुन्या सरकारी कॉलेजची. तिच्या टीमला सगळे 'सरकारी' म्हणतात. माझं कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याने काढलेलं. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला कॉलेज, आणि तासाची घंटा ऐकू आली नाही तरी कारखान्याचा भोंगा हमखास ऐकू यायचा. आमच्या टीमला 'कारखाना' म्हणतात. आम्ही बॅटिंगला उतरलो की समोरचे "काढा रे यांचा रस" म्हणून ओरडतात. आम्हालाही ते आवडतं.

सरकारी विरुद्ध कारखाना ही मॅच बघायला सगळ्यात जास्त गर्दी होते, आणि त्याचं कारण आमचं दोघांचं घरगुती प्रकरण. चित्रा फास्ट बोलरसारखी जोरात धावत येते, हात गर्रकन फिरवते, आणि चेंडू मात्र रविवारी दुपारी झोपेतून उठलेल्या माणसासारखा येतो. मी तोपर्यंत बॅट फिरवून मोकळा झालेला असतो. उंच कॅच जातो, कोणीतरी घेतं, टाळ्या पडतात. घरी येताना ती गाडीत गुणगुणत असते. वर्षभर मी या मॅचची वाट बघतो. बाकी मॅच हरलो काय, जिंकलो काय. एकदा, फक्त एकदा, तिचा तो चेंडू मला मारायचा आहे.

तर या वर्षी मोसम सुरू होण्याआधी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. लीगचा अध्यक्ष हृषिकेश, सरकारीचा कॅप्टनही तोच. माणूस मनाने वाईट नाही, पण त्याला स्लाइड दाखवल्याशिवाय साधं 'चहा घेणार का' हेसुद्धा विचारता येत नाही. त्याने पहिली स्लाइड लावली. तिच्यावर आमच्या आठही कॉलेजांचे बारावीचे कटऑफ होते. चाळिशी ओलांडलेली, केस मागे सरकलेली माणसं खुर्चीत सावरून बसली. काहींनी तर पोट आत घेतलं.

"फ्रेंड्स, रिअलाइनमेंटची वेळ आलीय," हृषिकेश म्हणाला. "अमेरिकेत बघा, कॉलेजच्या टीम कॉन्फरन्स, म्हणजे आपापला गट, बदलतात तेव्हा अ‍ॅकॅडमिक प्रोफाइलसुद्धा बघतात. इथल्या जुन्या युनिव्हर्सिट्यांचाही स्वतःचा वेगळा ग्रुप आहेच ना? आपणही दोन ग्रुप करू. हेरिटेज आणि ओपन."

हेरिटेजमध्ये तीन जुनी कॉलेजं, आणि चौथी नवी टीम लीगबाहेरून, कॅनबेराच्या गुंगालिनची, कारण तिथे म्हणे एका नामांकित मुंबईच्या कॉलेजचे बरेच लोक सरकारी नोकरीत आहेत. उरलेले आम्ही पाच, ओपनमध्ये. हेरिटेजने हेरिटेजशी खेळायचं, ओपनने ओपनशी.

आमचा कॅप्टन प्रताप मागून म्हणाला, "अमेरिकेत त्या रिअलाइनमेंटनंतर वेस्ट कोस्टची पोरं मॅच खेळायला विमानाने ईस्ट कोस्टला जातात, तेही सांग की."

"गुंगालिन फक्त तीन तास आहे, प्रताप."

"आणि आमचं मैदान तुझ्या घरापासून पाच मिनिटं आहे, मेट."

लोक हसले. मी हसलो नाही. मला एवढंच कळलं होतं की सरकारी विरुद्ध कारखाना ही मॅच आता होणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. बारावीला ज्यांना कमी मार्क पडले त्यांनी चित्राच्या चेंडूला बॅट लावायची नाही, असा याचा सरळ अर्थ होता. मला बारावीला गणितात काय पडले ते मी इथे सांगणार नाही. पण त्या मार्कांचा आणि टेनिस बॉलचा काही संबंध नाही, एवढं नक्की सांगतो.

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," हृषिकेश म्हणाला.

माझ्या अगदी शेजारच्या खुर्चीतून एक हात वर गेला. त्या हाताला मी चांगला ओळखतो. दर वर्षी माझी विकेट तोच काढतो.

ठराव दोन-चार मतांनी पास झाला.

घरी आल्यावर मी अर्थातच समंजसपणे वागलो नाही. भात थोडा लागला तर "हेरिटेज भात आहे वाटतं" म्हणालो. तिला चित्रा म्हणायचं सोडून हेरिटेजबाई म्हणायला लागलो. ती वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये मशीनं सांभाळते, तिला शिफ्टला सोडताना "उतरा, कटऑफ आला" म्हणालो. ती एरवी उसनं ठेवणाऱ्यांतली नाही, एकाला दोन सुनावते. पण या वेळी तिने एकही उत्तर दिलं नाही. "त्यावर मला काही बोलायचं नाहीये, सारंग," एवढंच म्हणाली आणि कानात गाणी घालून ट्रेन पकडावी तशी निघून गेली. तेच मला जास्त लागलं. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांनी माझं कॉलेज तीनदा विचारलं होतं, तेव्हा हीच म्हणाली होती, "कॉलेजशी लग्न करायचंय का मला?" मग आता काय झालं?

आमची लेक उर्वी दहा वर्षांची आहे. तिने विचारलं, "बाबा, आर यू इन द बॅड ग्रुप?"

"ओपन ग्रुप."

"सो, यस," ती म्हणाली आणि परत टॅबमध्ये शिरली.

ऑक्टोबरात हेरिटेजची पहिली मॅच आली, सरकारी विरुद्ध गुंगालिन, गुंगालिनच्या मैदानावर. आदल्या दिवशी चित्रा म्हणाली, "उद्या गाडी चालवशील? मॅच खेळून परत तीन तास ड्राइव्ह करायची मला हिंमत नाही."

मी म्हणालो, "ओपनवाल्यांना हायवेवर परवानगी आहे का?" पण गेलो. रुसलेला असलो तरी नवरा आहे.

कॅनबेराला ऑक्टोबरातही सकाळी बोटं आखडतात. मैदानाच्या पलीकडून ट्रामसारखी लाइट रेल जात होती, आणि अलीकडे सरकारीची अकरा माणसं जॅकेटं घालून, दोन्ही हात काखेत धरून उभी होती. बघायला कोणी नव्हतं. पेंडल हिलला मॅच म्हणजे पन्नास माणसं, वडापाव, मुलांचा दंगा. इथे प्रेक्षकांत मी, उर्वी आणि एक मॅगपाय पक्षी.

गुंगालिनची कॅप्टन अनुष्का, कुठल्याशा खात्यात मोठी अधिकारी. ती फोनवर फोन करत होती. तिचे नऊच लोक आले होते, आणि निदान दहा तरी हवे होते. एक ऑन-कॉल होता, दुसऱ्याच्या सासूबाई विमानतळावर उतरल्या होत्या. तिने मैदानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"तुम्ही खेळता का?"

"खेळतो. पण मी कारखान्याचा."

"कुठलाही कारखाना चालेल हो. बॅट धरता येते ना?"

हृषिकेश धावत आला. "अनुष्का, सॉरी, पण हेरिटेजमध्ये बाहेरचं कोणी खेळू शकत नाही. तसा रूलच आहे."

"मग आम्ही नऊ जण खेळत नाही. तुम्ही परत जा. तीन तासच तर आहेत," अनुष्का शांतपणे म्हणाली.

हृषिकेशने टीमकडे पाहिलं. टीमने जमिनीकडे पाहिलं. मग त्याला एकदम आठवलं. "थांब, आपल्याकडे जावई कोटा आहे!"

हा कोटा आमच्या लीगमध्ये पहिल्यापासून आहे. माणसं कमी पडली तर कॉलेजच्या जावयाला किंवा सुनेला, म्हणजे तिथे शिकलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, खेळवता येतं. आयत्या वेळी मोसम वाचवणारा हा एकच नियम आहे, आणि रिअलाइनमेंटच्या गडबडीत तो काढायचा राहून गेला होता.

"पण हा जावई आमचा आहे," हृषिकेश पुटपुटला. "सरकारीचा."

"बरोबर. पाहुणा आहे. आजच्या दिवस आमच्याकडे जेवेल," अनुष्काने निकाल दिला आणि माझ्या हातात बॅट दिली.

चित्रा लांबून हे सगळं बघत होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता नाही म्हणणार. पण तिने फक्त जॅकेट काढून उर्वीकडे दिलं.

सरकारीने आधी बॅटिंग केली, धावा बऱ्या केल्या. गुंगालिनने पाठलाग सुरू केला, आणि अनुष्काने एकटीने निम्म्या काढल्या. मी शेवटून दुसरा. उतरलो तेव्हा शेवटची ओव्हर होती, जिंकायला चार हवे होते, आणि बॉल चित्राच्या हातात होता.

खरं सांगतो, ठराव झाला त्या दिवसापासून मी धरून चाललो होतो की हा क्षण आता येणार नाही. तो आला होता, तोही दुसऱ्याच्या टीममध्ये, दुसऱ्याच्या शहरात, तीन तास लांब.

हिवाळाभर, म्हणजे इथला जून ते ऑगस्ट, मी एक उद्योग केला होता. चित्रा शिफ्टला गेली की गॅरेजमध्ये जुन्या मोज्यात बॉल घालून टांगायचा, आणि तो हलत हलत जवळ येईपर्यंत बॅट फिरवायची नाही. मारण्यापेक्षा थांबण्याचाच सराव. आता ही मॅच होणारच नाही म्हटल्यावरही, का कोण जाणे, मी तो सोडला नव्हता.

पहिला बॉल तिने साधा टाकला. मी अडवला. दुसरा बाहेर गेला. हृषिकेश ओरडला, "चित्रा, नेहमीचा टाक!" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे मॅचभर तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या बॉलला ती जोरात धावत आली. हात गर्रकन फिरला. माझे खांदे पुढे झुकले, सवयीने, आणि मी त्यांना मागे खेचलं. थांब. बॉल आरामात येत होता. थांब अजून. मग फिरवली.

बॅटला बॉल लागल्याचं मला आधी हाताला कळलं, नंतर कानाला. तो मिडविकेटवरून गेला, एक टप्पा पडला आणि सायकल ट्रॅकपलीकडे लाइट रेलच्या कुंपणाला जाऊन लागला. चार. गुंगालिनचे लोक धावत येऊन मला मिठ्या मारत होते. ज्यांची नावंही मला माहीत नव्हती त्यांनी मला उचललं. उर्वी "दॅट्स माय डॅड" म्हणून नाचत होती, आणि मॅगपाय उडून गेला होता.

अनुष्काने स्कोअर लिहिताना हृषिकेशला विचारलं, "याच्यापुढे कॉलेज काय लिहू?"

हृषिकेशने स्कोअरच्या कागदाकडे पाहिलं. मग हसला, आणि त्या हसण्यात मला तो पुन्हा आवडला. "कारखाना लिही. काय उगाच."

चित्राने माझ्याशी हात मिळवला, बाकी सगळ्यांशी मिळवला तसाच. गाडीत बसली, पट्टा लावला, खिडकीबाहेर बघायला लागली. गुणगुणणं वगैरे काही नाही. मला आनंद एवढा झाला होता की तो दाखवायचीही भीती वाटत होती. गोलबर्नला पेट्रोलसाठी थांबलो. उर्वी मागे झोपली होती. दुपारचं ऊन गाडीत छान येत होतं. मी कॉफीचे दोन कप घेऊन आलो, एक तिच्या हातात दिला.

"मी हात का वर केला, ते तू एकदाही विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? तू सरकारी, मी कारखाना."

"मूर्ख आहेस." तिने कॉफीचा घोट घेतला. "जुलैमध्ये माझी एक शिफ्ट कॅन्सल झाली होती. लवकर घरी आले. गॅरेजमधून ठक ठक आवाज येत होता. मला वाटलं काहीतरी रिपेअर करतोयस. खिडकीतून बघितलं, तर तो मोजा."

मी कप खाली ठेवला.

"बराच वेळ बघत उभी राहिले, सारंग. तू थांबायला शिकला होतास. तेव्हाच कळलं, या वर्षी हा मला मारणार. सगळ्यांसमोर." ती खिडकीकडे बघत बोलत होती, पण तिचे कान लाल झाले होते. "म्हणून हात वर केला. मला तुझ्यासमोर बोलिंगच करायची नव्हती. आणि तू वेड्यासारखा कटऑफ, कटऑफ करत बसलास. तुला काय सांगणार होते, की मी घाबरले?"

मला हसू आलं, आणि ते थांबेना. महिनाभर मी समजत होतो की बायकोने माझी किंमत बारावीच्या मार्कांवर केली. आणि त्या हॉलमध्ये, कटऑफच्या स्लाइडसमोर, मला सगळ्यात वरचा नंबर देणारी तीच एकटी होती. ती रागावून माझ्या खांद्यावर चापट्या मारायला लागली आणि मारता मारता स्वतःही हसायला लागली. उर्वी डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "यू गाइज आर सो वियर्ड."

गाडी हायवेला लागली तेव्हा चित्रा हृषिकेशला मेसेज टाइप करत होती.

"काय लिहितेस?"

"पुढच्या मीटिंगला ठराव मांडतेय. ग्रुप बंद. आठही टीम, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, पहिल्यासारखं."

"का? हरलीस म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "मला तुझी विकेट परत हवीय."