‘हो’ म्हणायची सवय

“अण्णा, फाइल नाहीच म्हणतोय हा कॉम्प्युटर! मग गेली कुठे? तुमच्या खिशात?” मालकांचे चिरंजीव प्रणयसाहेब ओरडले तेव्हा मी चहाचा कप नुकता तोंडाला लावला होता. तो तसाच खाली ठेवला.

अण्णा घरत आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने क्लार्क. न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं आम्ही करतो. त्या दिवशी गोठवलेल्या माकूळ मासळीचा कंटेनर बंदराच्या गेटबाहेर उभा होता आणि कस्टमच्या फाइलमध्ये त्याचा नंबर एका आकड्याने चुकला होता. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडायची, आकडा बदलायचा, की झालं काम. पण त्याच आठवड्यात अण्णांच्या फाइली त्यांच्या कॉम्प्युटरवरून उचलून सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. आम्हा बाकीच्यांच्या फाइली सोमवारी हलायच्या होत्या. आता फोल्डर उघडला की फाइल समोर दिसे, आणि तिच्यावर क्लिक केलं की एडिटर म्हणे, अशी फाइलच नाही, नवी बनवू का?

“डोल्यांसमोर हाय नि म्हनतो न्हाय,” अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले. “आता याला काय करायचं?”

तो फोल्डर बसवून दिला होता भक्ती गायकवाडने, त्यामुळे खापर तिच्यावर फुटणार हे मी ओळखलंच. भक्ती म्हणजे आमची कॉम्प्युटरवाली. उरणपासून द्रोणागिरीपर्यंतची छोटीमोठी ऑफिसं ती स्कूटरवरून सांभाळते. आई भिमाबाई आणि ती, दोघीच घरात. पूर्वी पनवेलला एका दुकानात होती, तिथला मालक गिऱ्हाइकांसमोर तिला “ए पोरी” म्हणायचा. ते सोडून तिने स्वतःचं काम उभं केलं, आणि त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आमचं ऑफिस. “ताई, तुमचं काम आहे म्हणून बाकीची परवडतात,” असं ती मला एकदा म्हणाली होती. “हे सुटलं तर परत कुणाच्या तरी हाताखाली.”

ती आली. हेल्मेट काढतेय न काढतेय तोच प्रणयसाहेबांनी तिला दारात गाठलं.

“भक्ती, स्पष्टच सांगतो. पप्पा मेंटेनन्स मुंबईच्या कंपनीला द्यायचं म्हणतायत. आज हे सुटलं तर मी त्यांच्याशी बोलेन. नाही सुटलं तर माझ्या हातात काही नाही.”

“बघते सर,” ती म्हणाली. चेहरा जरा उतरला होता, आवाज नाही.

या मुलीची एक पद्धत आहे. ती तुमच्या खुर्चीत कधी बसणार नाही. प्लास्टिकचं स्टूल ओढून शेजारी बसते आणि माऊसला हात लावत नाही. सुरुवातीला माझा नुसता संताप व्हायचा. म्हटलं, बाई, तुला येतंय ना, मग कर की पटकन! तर म्हणायची, “ताई, मी केलं तर मला येईल. मला तर येतंच.”

तिने आपल्या लॅपटॉपवर तीच फाइल त्याच फोल्डरमधून उघडून पाहिली. उघडली. अण्णांना ती डेस्कटॉपवर कॉपी करायला लावली. तिथेही उघडली. म्हणजे फाइल धड होती, एडिटर धड होता, सर्व्हरही जिवंत होता. प्रणयसाहेब मागे येरझाऱ्या घालत होते. “नेटवर्कच गंडलंय. वायरिंग कुणी केलं होतं?” त्यांनी विचारलं, जसं काही माहीतच नव्हतं.

भक्तीने मान वर केली नाही. “अण्णा, एक काम करा. मी इथे नाहीच असं समजा आणि रोज करता तसं करा.”

अण्णांनी फाइलवर डबल क्लिक केलं. स्क्रीन काळवंडली, मध्ये एक चौकट आली, आणि ती पुरती उमटायच्या आत अण्णांनी ती घालवलीसुद्धा.

“थांबा! आत्ता त्याने काय विचारलं?”

“तो रोजच इचारतो. आपन ‘हो’ म्हनायचं.”

मला हसू आलं. मग लक्षात आलं, मीसुद्धा तेच करते.

भक्तीने त्यांना एडिटरचं एक सेटिंग उघडायला लावलं. तिथे टिक होती. हा प्रोग्राम नेहमी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव. ती चौकट रोज त्याचीच परवानगी मागत होती. मग मलाही सगळं आठवलं. डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं तेव्हा हेल्पलाइनवाल्याने ती टिक करायला सांगितली होती. सही चालली. अण्णांना वाटलं, भारी औषध आहे हे, आणि त्यांनी ते दिसेल त्या प्रोग्रामला पाजलं. त्यांचं बघून आम्हीही.

“अण्णा म्हणून आलात तर सर्व्हरचं दार तुम्हाला उघडं आहे,” ती हळू आवाजात समजावत होती. “पण या टिकमुळे एडिटर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे साहेब, बनून येतो. कॉम्प्युटरला तो वेगळाच माणूस वाटतो, आणि त्या माणसाला आपण चावी दिलेलीच नाही.”

अण्णांनी टिक काढली, क्लिक केलं, आणि फाइल उघडली. स्क्रीन काळवंडली नाही, चौकट आली नाही. आकडा बदलला, फाइल कस्टमला गेली, आणि थोड्या वेळाने कंटेनर आत घेतल्याचा गेटवरून फोन आला. अहो, मी टाळ्याच वाजवल्या.

“पण हे केलं कुणी?” प्रणयसाहेब म्हणाले.

“सर, सेटिंग होतं, निघालं,” भक्ती म्हणाली.

“ते नाही विचारलं. पप्पांना सांगायला लागेल. नेटवर्क बसवण्यात चूक होती की आणखी कुणाची?”

भक्ती लॅपटॉप बॅगेत भरायला लागली. अण्णांचं नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे सुटली असती. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची रिटायरमेंट तोंडावर आलेली, आणि पोराएवढ्या साहेबासमोर बोलणी खायची त्यांना केवढी धास्ती!

अण्णा उभे राहिले. “मी क्येलं, साहेब. पोरीचा काय बी दोष न्हाय. तिनं बसवलं ते बरोबरच व्हतं.”

त्या क्षणी मला दोघांचाही इतका अभिमान वाटला की काय सांगू. प्रणयसाहेबही जरा वरमले. “ठीक आहे, बोलतो पप्पांशी,” म्हणून केबिनमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा मात्र आमच्याकडे बघेनात.

“पप्पा म्हणतात, स्टाफ वाटेल ते सेटिंग बदलतो म्हणजे उलट मुंबईवालेच हवेत. ते सगळं लॉक करून टाकतात, कुणाला काही बदलताच येत नाही. मी सांगून बघितलं, भक्ती. खरंच बघितलं. सोमवारपासून ते येतील.”

खरं बोलून हे पदरात पडलं! माझ्या तोंडावर आलेली शिवी मी कशीबशी गिळली. अण्णांचा चेहरा तर बघवेना. “मी गुमान बसलो असतो तर तुजं काम ऱ्हायलं असतं गं,” ते म्हणाले.

“आणि मला आयुष्यभर चुटपुट लागली असती, अण्णा. बरं केलंत.” तिने बॅग उचलली आणि परत खाली ठेवली. “सर, जाण्याआधी बाकीच्यांचीही टिक काढून जाऊ? सोमवारी यांच्या फाइली हलल्या की यांचंही अडेल.”

प्रणयसाहेबांनी नुसती मान डोलावली.

ती स्टूल घेऊन आधी रुचिताकडे गेली, मग विनेशकडे. प्रत्येकाला आपल्या हाताने करायला लावलं, अजिबात घाई न करता. कुणी चुकलं तर म्हणायची, “काही बिघडत नाही, परत करा.” सगळ्यात शेवटी माझ्याशेजारी येऊन बसली.

“ताई, प्रॉपर्टीज उघडा. आता दुसरा टॅब. टिक दिसतेय ना?”

“दिसतेय,” मी म्हटलं. डोळे भरून आले होते, मला काहीही दिसत नव्हतं.

तिने माऊसला हात लावला नाही. “असू दे,” ती म्हणाली, “सावकाश करा.”