आखाजीचा मुऱ्हाळी

धुळ्यात पाचकंदीलजवळ हितेंद्रचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. कव्हरं बायको विकायची; हितेंद्र फोनमध्ये नवीन काय आलं ते बघायचा. कंपनीनं एखादं बटण इकडचं तिकडे केलं की सकाळी सगळी गल्ली त्याच्या दारात. स्टेटसमध्ये माणसाचं नाव घालता येतं, हे धुळ्याला आपणच शिकवलं असं तो सांगायचा. सांगू दे बापडा, खोटं ठरवायला कोणाला वेळ होता?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते, पण आपली आपण नाही. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिच्या सासरी जातो, पाणी पितो, सासूची परवानगी घेतो आणि तिला घेऊन येतो. हितेंद्रची मोठी बहीण कामिनी चोपड्याकडे केळीवाल्यांच्या घरात दिलेली. गेल्या साली त्यानं निमंत्रणाचा फोटो टाकला, ती आली नाही. त्याच्या मते चूक फोटोची होती. हल्ली फोटो बघतं कोण?

म्हणून यंदा त्यानं रील केलं. आईच्या जुन्या फोटोवरून एआयनं आई झोक्यावर बसवली, वर सध्या चालणारं म्युझिक, खाली कामिनीचं नाव. आईनं, म्हणजे शेवंताबाईंनी, ते चष्मा लावून पाहिलं. गुडघ्यामुळे त्यांना पाटावर बसता येत नव्हतं आणि फोनमध्ये त्या आभाळाला पाय लावत होत्या.

"कामिनीले लेवाले कोन गयं?" त्यांनी विचारलं.

"आई, तिला मेन्शन केलंय. तिनं बदामही दिलाय."

"बदाम घरमा ठेव. माले पोरगी पाहिजे," शेवंताबाई म्हणाल्या आणि सांजोऱ्या लाटायला वळल्या. लाटता लाटता डोळे पुसत होत्या. दोन वर्षं लेक दिसली नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशीही कामिनीचा पत्ता नाही. हितेंद्रनं सरळ तिच्या सासूला व्हिडिओ कॉल लावला. भिकुबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यानं हात जोडले, "मावशी, ताईला पाठवा," म्हणाला. अगदी रीतसर.

भिकुबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणवला आणि फोनसमोर धरला.

"पानी पी ले भाऊ, मंग धाडते."

हितेंद्र हसला. भिकुबाई हसल्या नाहीत. तांब्या तसाच धरून बसल्या. शेवटी हितेंद्रनंच कॉल कट केला. असं कुठलं फीचर अजून आलेलं नव्हतं.

मग काय, बसला मोटरसायकलवर. अमळनेरमार्गे चोपडा, वर एप्रिलचं ऊन, डोक्यावर भिजवलेला रुमाल. दुपारी दारात उतरला तर ओट्यावर शेजारच्या बाया जमलेल्या. सगळ्यांची नजर त्याच्या पायांवर.

"आते कसा शे पाय?" एकीनं विचारलं.

"कोणता पाय?"

"उजवा," भिकुबाई दारातून म्हणाल्या. "आत ये."

आत गेल्यावर त्या हळू आवाजात बोलल्या. "गेल्या साली तू उना नही. बठ्ठी गल्ली दखी ऱ्हायनी, सगळ्यांचे डोळे दाराकडे. माझ्या सुनेला भाऊ असून नसल्यासारखा, असं कोणी तिच्या तोंडावर म्हणायला नको. मी सांगितलं, पाय मोडला. यंदा सांगितलं, पायात लोखंडी पट्टी बसवली. मग काय सांगायचं होतं, भाऊ फोनवर शे म्हणून?"

हितेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराआड कामिनी उभी होती, पिशवी भरून. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

तो पाणी प्यायला. भिकुबाईंच्या पाया पडला, रीतीप्रमाणे विचारलं. त्या "घेऊन जा" म्हणाल्या.

निघताना उंबऱ्यापाशी तो थांबला. बाहेर बाया तशाच बसलेल्या. हितेंद्रनं उजवा पाय जपून टाकला आणि चांगला लंगडत ओटा उतरला.

"हळू रे भाऊ," कामिनी म्हणाली. तिनं त्याचा दंड धरला. गाडीवर बसेपर्यंत ती रडत होती, आणि बायांना वाटलं, भावाचे हाल बघवत नाहीत तिला.