चालू असताना जोडलेली तार

मी दारव्ह्याच्या एका लहानशा वर्गातला म्हातारा संगणक आहे. मित्रांनो, माझी बटणं पिवळी पडलीत, पंखा घरघरतो. पण मी रोज कामाला लागतो, आणि त्यामागे काही माणसांचे उपकार आहेत.

यवतमाळच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पुढे कितीतरी वर्षं मी एका कचेरीत टंकलेखन केलं. नवे संगणक आले तशी माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून धम्मरत्न सरांनी मला मागून आणलं. ते दृष्टिहीन मुलांना शिकवतात. त्यांनी माझ्या मागच्या रुंद सॉकेटला ब्रेल छापणारं यंत्र जोडलं. मी मजकूर पाठवायचा आणि त्यानं जाड कागदावर टिंबं उठवायची. ती टिंबं बोटांनी वाचणाऱ्या मुलांचे चेहरे पाहून मला वाटलं, आपला जन्म आता कुठे कारणी लागला!

त्या मुलांपैकी वैष्णवीची दहावीची परीक्षा जवळ आली होती. तिचं इतिहासाचं पुस्तक छापता छापता यंत्र मध्येच अडलं. तार सैल झाली होती. मला बंद करून पुन्हा सुरू करायला वेळ लागतो, म्हणून घाईत सरांनी मी चालू असतानाच तार उपसली आणि परत खुपसली. चट्ट आवाज झाला. माझ्या अंगातून कळ गेली.

"सर, थांबा! काहीतरी जळून राह्यलं!" वैष्णवी ओरडली.

सरांनी झटकन वीज तोडली. मी वाचलो, पण छपाईचं सॉकेट गेलं. पुस्तक अर्धंच राहिलं. सरांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सर मला मांडीवर घेऊन जीपनं यवतमाळला गेले. दुरुस्ती करणाऱ्या उर्वशीताईंनी मला उघडलं.

"चालू मशीनले केबल लावली काय, सर?"

"हो ना. घाई नडली मले."

"नशीब म्हणा, बाकी बोर्ड शाबूत आहे. फेकू नका याले."

माझ्या रिकाम्या खाचेत त्यांनी छपाईच्या तारेसाठी सॉकेट असलेलं नवं कार्ड बसवलं. वर्गात परतल्यावर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरांनो, चूक माही होती." मग पुस्तक पुरं झालं. वैष्णवीनं पहिल्या पानावरून बोट फिरवलं आणि ती मोठ्यानं वाचायला लागली. बाकीची मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

मित्रांनो, हल्लीच्या चपट्या यूएसबी तारा चालू यंत्राला जोडता येतात. पण आम्हा जुन्यांची गोल आणि रुंद सॉकेटं तसली नाहीत. आधी आम्हाला नीट बंद करा, मगच तारेला हात लावा. तेवढा वेळ आम्हाला द्या. माझ्यासाठी तो वेळ काढणारी माणसं मला भेटली, म्हणून आज दुपारीही माझ्या शेजारचं यंत्र टकटकत आहे.