गोणीतला धोंडा

मनुष्याच्या हातातील कसब त्याच्या नोकरीबरोबर निवृत्त होत नाही आणि म्हातारपणी नेमके हेच त्याच्या दुःखाचे कारण होऊन बसते. सीताराम परब यांचे तसेच झाले होते. आधी मस्जिद बंदरच्या धान्यबाजारात आणि बाजार हलल्यावर वाशीला, त्यांनी उभे आयुष्य तोलणार म्हणून काढले. गोणी काट्यावर चढण्यापूर्वीच ते तिला नुसता खांदा लावीत आणि वजन सांगून मोकळे होत; काटा मागाहून त्यांच्या शब्दाला मान डोलवी. "परबांचा हात म्हणजे सरकारी काटा," असे व्यापारी म्हणत. आता ते साकीनाक्याला, मुलगा नंदू आणि सून सुलक्षणा यांच्याजवळ दोन खोल्यांत राहत होते, आणि त्या हाताला कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे काही तोलायला मिळत नव्हते.

याला कारण एक मिक्सर. मागे अण्णांनी (घरात आणि चाळीत सारे त्यांना अण्णाच म्हणत) रस्त्यावरच्या गाडीवरून निम्म्या किमतीत मिक्सर आणला आणि पहिल्याच नारळाला त्याने मान टाकली. तेव्हापासून घरात काही आणायचे निघाले की नंदू हसून म्हणे, "अण्णांना नको पाठवू गं, अजून एक मिक्सर येईल." थट्टाच ती; परंतु थट्टा रोज एकाच जागी लागली म्हणजे तिथे घट्टा पडतो.

सुलक्षणा घरीच कॉम्प्युटरवर छपाईची पाने जुळवून देण्याचे काम करी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल. त्या आठवड्यात तिच्याकडे परबांच्याच गावच्या मुंबईकर मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती. गावकऱ्यांनी ट्रंकांच्या तळातून काढून दिलेले फोटो, दिवंगतांची नावे, कार्यकारिणीचे मनोगत, सगळे त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात होते. आणि पाने छापखान्यात द्यायची वेळ अगदी तोंडावर आली असताना तो बंद पडला. बटण दाबले तर दिवा लागेना, की पंख्याचा आवाज येईना.

गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचे दुकान चालवणारा मिथुन आला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली पत्र्याची पेटी सोडवून बाहेर काढली आणि तिच्या दोन तारा एका वायरच्या तुकड्याने जोडून पाहिल्या. पेटीचा पंखा ढिम्म हलला नाही.

"एसएमपीएस गेला," तो म्हणाला. "भिंतीतली वीज आत यायच्या आधी हा तिला चाळून घेतो, वहिनी. बाकी सगळं शाबूत आहे. नवीन टाकला की चालू."

"केवढ्याला येईल?"

"चांगला चोवीसशेपर्यंत. पाच-सहाशेलाही मिळतो, पण तो घेऊ नका. तो मेला तर एकटा मरत नाही, बरोबर डिस्कही नेतो. मी आणून देऊ का?"

अण्णा दारातून म्हणाले, "आणि त्यात तुझा कमिशन किती रे?"

मिथुन वरमला नाही. "खातो ना काका, शंभर रुपये. दुकानाचं भाडं काय माझा मामा भरतो?" असे म्हणून तो मरोळला एका ऑफिसच्या कामावर निघून गेला.

नंदू विमानतळावर ड्युटीला गेलेला. सुलक्षणाने पर्समधून पैसे काढले आणि क्षणभर ती तशीच उभी राहिली. तो क्षण अण्णांनी पाहिला. मग तिने पैसे त्यांच्या हातावर ठेवले.

"अण्णा, तुम्ही जाल? अंधेरी स्टेशनजवळच्या गाळ्यांमध्ये मिळेल. पण मिथुनने सांगितलाय तोच आणा हां."

"माका कळता गो," अण्णा म्हणाले, आणि कोपऱ्यातली चप्पल त्यांनी अशा तडफेने पायांत घातली की जणू बाजाराचा भोंगाच झाला होता.

दुकानदाराने आधी चोवीसशेचा खोका पुढे केला. किंमत ऐकून म्हाताऱ्याच्या कपाळावर उमटलेली आठी त्याने वाचली आणि खालच्या फळीवरून दुसरा खोका काढला. दोन्हींवर साडेचारशे वॅट असेच छापलेले. दुसऱ्याची किंमत साडेसहाशे.

"फरक काय यात?"

"अंकल, नाम का फरक है, और क्या. हाथ में लेके देखो ना."

हातात घेऊन बघा! किती वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी म्हटले नव्हते. अण्णांनी एक खोका डाव्या तळहातावर घेतला, एक उजव्या. डोळे मिटले. स्वस्त खोका अंमळ अधिकच भरला.

"ये भारी है," ते म्हणाले.

"अंकल को माल की पहचान है!" दुकानदार शेजारच्या गाळेवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

अण्णांच्या हिशेबी गोष्ट उघड होती. यंत्रात जड काय असणार? तांबे आणि लोखंड. ज्यात ते जास्त, तो माल चांगला. पातळ पत्र्याचा तो मिक्सर आठवा. पिसासारखा हलका होता मेला! म्हणजे चोवीसशेत सतराशे-साडेसतराशे नुसते नावाचे, आणि त्यातले शंभर मिथुनचे. खोका उघडून पाहण्याचे त्यांच्या मनात आले. पण "सील तुटलं तर परत घेणार नाही" अशी पाटी समोरच होती. त्यांनी बंद खोकाच घेतला. परत येताना मेट्रोत बसायला जागा मिळूनही ते खोका छातीशी धरून उभेच राहिले.

उरलेले पैसे त्यांनी सुलक्षणाच्या पुढ्यात ठेवले तेव्हा ती चमकली. "अण्णा, हे कसं काय?"

"वजन बघून घेतलाय. नावाक भुलणारो मी न्हय."

मिथुनचा इशारा तिला आठवला, पण तो परतला नव्हता आणि काम तर खोळंबलेले. त्याने जुना काढताना तिने पाहिलेच होते, तेव्हा तिने स्वतःच स्क्रूड्रायव्हर हाती घेतला. "धरा अण्णा खालून," ती म्हणाली. अण्णांनी पेटी खालून तळहातावर पेलली. आता ती खोक्याबाहेर होती, थर्माकोलविना, उघडी. आणि तळहाताच्या एका कडेला काहीतरी टोचावे तसे त्यांना वाटले. पेटी पंख्याच्या बाजूला कलत होती. पण तेवढ्यात स्क्रू बसला, सुलक्षणाने बटण दाबले, यंत्र घुर्र करून जागे झाले आणि पडद्यावर गावच्या देवळाचा फोटो उमटला.

"अण्णा, झकास! एक नंबर काम केलंत!" ती टाळी वाजवून म्हणाली. तिने तिथल्या तिथे नंदूला फोन लावला. "ऐक, अण्णांनी आणलाय एसएमपीएस. साडेसहाशेत! आणि चालू झाला. आता मिक्सरचं नाव काढलंस ना, तर बघ."

त्या रात्री अण्णा दोन घास जास्त जेवले. तळहाताची ती टोचणी त्यांनी आमटीबरोबर गिळून टाकली.

सकाळी ते जुना एसएमपीएस भंगारवाल्याकडे घेऊन गेले. वाटेत चाळा म्हणून त्यांनी तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सरळ केला. आणि नाल्याच्या कडेला ते एकाएकी थांबले.

जुनी पेटी मेलेली होती खरी. पण कशीही फिरवली तरी तिचे वजन तळहातावर सारखे पसरत होते. धान्याने भरलेल्या गोणीसारखे.

तोलणाराला पहिला धडा हाच शिकवतात. व्यापारी गोणीत धोंडा घालतो तेव्हा काटा काही बोलत नाही; काट्याला धान्य काय आणि धोंडा काय, दोन्ही सारखेच. म्हणून गोणी नुसती उचलायची नसते, ती कुशीवर घेऊन हलवायची असते. धान्य अंगभर वाहते; धोंडा एका जागी बसून राहतो. अण्णांनी हा धडा शेकडो नवख्यांना दिला होता. आणि काल "माल की पहचान" हे शब्द कानी पडताच ते गोणी हलवायलाच विसरले. त्यांच्या हाताने मात्र घरी पोचल्यावर सांगितले होते, एकदा, हळूच.

ते तिथेच उभे राहिले. यंत्र चालू होते. कदाचित चालतही राहिले असते. आणखी थोडा अवधी, मग पाने छापखान्यात जातील आणि कोणाला काही कळणार नाही. सुनेने टाळी वाजवली होती. असा मान पुन्हा केव्हा मिळणार? पण मिथुनचे शब्दही त्यांना आठवत होते, की तो मेला तर एकटा मरत नाही. अन् त्या यंत्रात आख्खे गाव होते.

भंगारवाला हाक मारीत राहिला आणि अण्णा जुनी पेटी काखेत मारून घराकडे वळले.

सुलक्षणा पडद्याला डोळे लावून बसली होती.

"सुलक्षणा, बंद कर तो."

"काय बंद करू?"

"कॉम्प्युटर. बंद कर आधी."

"अहो अण्णा, चांगला चालतोय की! शेवटची पानं राहिलीत. आत्ता नको ना यार..." आपण सासऱ्याला काय म्हणालो हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. "म्हणजे, थोडं थांबा."

"थांबू नको गो बाय. मी फसलंय." हे शब्द बाहेर पडताच अण्णांना खांद्यावरून गोणी उतरल्यासारखे झाले. "त्यात धोंडो आसा. माका कालच कळला होता. तू टाळी वाजवलंस, नि मी बोललंय नाय."

सुलक्षणाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. नेहमी नंदूच्या थट्टेला पुरून उरणारा तो चेहरा आता उतरला होता. तिने ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढून लावला. "कॉपी करून घेते आधी. मग बंद."

पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. दोघेही तिच्याकडे पाहत उभे होते. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा खोलीत जळक्या वार्निशासारखा बारीक वास सुटला.

"अण्णा, वास..."

"येता. बघू नको तिकडे, पट्टी बघ."

पट्टी पुरी झाली, सुलक्षणाने पेन ड्राइव्ह ओढला आणि अण्णांनी भिंतीवरचे बटण अशा जोराने बंद केले की त्याची खूण बोटावर राहिली.

मिथुनने दुकानात, दोघांसमोर, ती पेटी उघडली. एका बाजूला तांब्याच्या करंगळीएवढ्या गुंडाळ्या आणि मऊ पडलेल्या काळपट तारा. दुसऱ्या बाजूला, पंख्याखाली, चिकटवलेला लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा. त्याला एकही तार नाही. त्याने तो पक्कडीने उचकटून अण्णांच्या हातावर ठेवला.

"घ्या काका. वजन."

अण्णांनी ठोकळा हातात उलटासुलटा केला. "तुका मी कमिशनखाऊ म्हटलंय," ते म्हणाले.

"म्हटलंत ते खरंच आहे. पण लोखंड नाही खायला घालत कोणाला." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. चांगला माल खरंच जड असतो, म्हणून तर हे चोर वजन घालतात. तुमचा नियम बरोबर होता, काका. तोच ओळखून फसवलं तुम्हाला."

सील तुटलेले, पैसे परत मिळण्याची बात नव्हती. सुलक्षणाने उरलेल्यात भर घालून पुन्हा रक्कम जमवली आणि, अण्णांना वाटले होते तशी मिथुनच्या हाती न देता, पुन्हा त्यांच्याच पुढे धरली.

"मी?"

"मग कोण? तुम्ही नसता सांगितलं तर स्मरणिका गेली होती आज."

अण्णांनी पैसे घेतले आणि मिथुनकडे वळून त्याच्या खिशात कोंबले. "तू आण. तुझे शंभर धरून आण. पण लावण्याआधी माझ्या हातात दे."

दुपारी मिथुनने नवी पेटी खोक्यातून काढून, उघडी, त्यांच्या तळहातावर ठेवली. अण्णांनी ती उलटी केली, कुशीवर घेतली, कानाशी नेऊन हलवली.

"लाव," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी नंदू ड्युटीवरून आला तेव्हा तपासण्यासाठी छापून काढलेली पाने टेबलावर गठ्ठ्याने पडली होती आणि वर फॅन गरगरत होता. गठ्ठ्यावर एक चौकोनी लोखंडी ठोकळा होता.

"हे काय नवीन?"

अण्णांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"अण्णांनी आणलंय," सुलक्षणा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पानं उडत होती माझी."

नंदूने ठोकळा उचलला, हातात खालीवर केला आणि बापाच्याच लकबीने एक डोळा बारीक केला.

"वजनदार आहे हां," तो म्हणाला. "या वेळी बरी वस्तू आणलीत, अण्णा."

अण्णांना ठसका लागला. सुलक्षणाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, आणि तिचे खांदे का हलत आहेत हे नंदूला काही कळले नाही.