अर्ध्या काठीचं माप

आईंच्या खोलीची बाहेरची भिंत उघडी पडली होती आणि तिथे बांधलेली ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती. आई आत खाटेवर पडून खोकत होत्या. ह्या छातीला वारा सोसणार नाही, भिंत लवकर बंद करा, असं डॉक्टर बजावून गेले होते. आणि इथे तर वाऱ्याला घर आंदण दिल्यासारखं झालं होतं. आईंच्या थोरल्या सुनेला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. तिचा जीव आता अगदी मेटाकुटीला आला होता.

घर दोघा भावांचं. डावी बाजू तिच्या नवऱ्याची, म्हणजे थोरल्याची. उजवी बाजू बिनलग्नाच्या धाकट्याची. मधली खोली आईंची. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. पण एका छपराखाली राहायचं म्हणजे बोलल्यावाचून अडतंच. मग मीठ संपल्यापासून छप्पर गळण्यापर्यंत सगळं वहिनीच्या तोंडून. धाकटा जेवायलासुद्धा थोरल्याचं ताट उचललं गेल्यावरच यायचा. दोन पंगती वाढता वाढता वहिनीच्या पायांचे तुकडे पडायचे, पण त्याची फिकीर कोणाला!

ह्या घराच्या बाहेरच्या भिंती आडव्या फळ्यांच्या, वरची फळी खालच्या फळीवर थोडी चढवलेली, म्हणजे पाणी ओघळून जावं. वडिलांनी स्वतः ठोकलेल्या. आता त्या इतक्या कुजल्या होत्या की बोट दाबलं तर आत जायचं. फळ्या बदलायला हव्यात, ह्यावर दोघांचं एकमत झालं. इतक्या वर्षांतलं हे पहिलं एकमत, म्हणून वहिनी हरखली होती. तेव्हाच तिने सावध व्हायला हवं होतं.

थोरल्याने डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, धाकट्याने उजव्या. उत्साहाच्या भरात दोघांनी आईंची भिंतही पहिल्याच सकाळी उचकटून काढली. आतली पातळ फळी भुसाच झालेली, तीही पडली. मग दोघं आपापल्या बाजूला ठोकत बसले. आणि आज, दोन्हीकडच्या रांगा आईंच्या खोलीपाशी आल्यावर, मधल्या लांब फळ्या कोणालाच लावता येईनात. तळाच्या रांगा एका रेषेत होत्या. वर जावं तसा फरक वाढत गेला होता. आईंच्या खिडकीच्या डोक्याशी धाकट्याची रांग थोरल्याच्या रांगेपेक्षा चांगली चार बोटं वर.

वहिनीने शेजारच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"एक बाजू उतरवावी लागेल," तो म्हणाला.

"कोणाची?"

मिस्त्रीने हातातला चहा संपवला. "वहिनी, मला ह्याच गावात राहायचंय," असं म्हणून तो चालू लागला.

थोरला शिडीवरून म्हणाला, "त्याला सांग, त्याचं चुकलंय."

वहिनी चिखल तुडवत उजवीकडे गेली. धाकटा तोंडात खिळे धरून बसला होता. ते काढून म्हणाला, "त्याला सांग वहिनी, माझं माप चुकणं शक्यच नाही. मी बाबांच्या काठीने मोजलंय."

ती परत डावीकडे आली.

"मग मी काय झाडूने मोजलंय? मीही बाबांच्याच काठीने मोजलंय!"

"अहो, दुकानात टेप मिळतो. मी आधीच म्हटलं होतं."

"बाबांनी बांधलेलं घर आहे. बाबांच्याच मापाने होणार."

हेच वाक्य तिने आदल्या आठवड्यात उजवीकडेही ऐकलं होतं. शब्द न् शब्द तेच. भांडायलासुद्धा ह्यांना वेगळी वाक्यं सुचत नाहीत, तिला वाटलं. तेवढ्यात जोराचा वारा आला, ताडपत्रीची दोरी तुटली आणि आईंना अशी ढास लागली की वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणा ती काठी! तुम्हीपण आणा भाऊजी, तुमची! आत्ताच्या आत्ता!"

बाबांची काठी आता दोन ठिकाणी होती. वाटण्यांच्या दिवशी जमीन, भांडी, गादी, कपाट, सगळं सुरळीत वाटलं गेलं होतं. अडलं ते ह्या मापाच्या काठीवर. दोघांनाही तीच हवी होती. शेवटी करवत आणून ती बरोबर मधोमध कापली. बरोबर मधोमध, असं दोघंही तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले होते. अर्ध्या काठीत तीन फळ्यांच्या रांगा, हे बाबांचं माप दोघांच्याही डोक्यात पक्कं. त्या हिशोबाने दोघं आपापला अर्धा तुकडा भिंतीला लावत वर वर गेले होते.

वहिनीने दोन्ही तुकडे हिसकावून घेतले, तशीच आत गेली आणि आईंच्या पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवले. खालची टोकं तिने तळहाताने जुळवली. वर एक तुकडा करंगळीच्या जाडीएवढा पुढे आला.

एवढ्यासाठी! एका करंगळीसाठी! तिला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. ताडपत्री पडल्यामुळे भिंतीच्या भगदाडातून दोघं आत बघत होते, एक डाव्या बाजूने, एक उजव्या बाजूने.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आई त्या तुकड्यांकडे बघताहेत. वाटण्या झाल्या तेव्हा आई बहिणीकडे होत्या. काठी कुणी तरी मागून नेली, असं त्यांना सांगितलं होतं. सांगितलं होतं वहिनीनेच, दोघांच्या वतीने.

आईंनी करवतीने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"ही कोणी कापली?"

"ह्याने," थोरला म्हणाला.

"ह्याने," धाकटा म्हणाला.

दोघांची बोटं एकमेकांकडे. दोघांच्याही डोक्यावर पांढरे केस. आईंनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून त्यांनी भगदाडाकडे पाठ केली आणि पुन्हा खोकू लागल्या.

तो खोकला संपल्यावर वहिनी भगदाडाकडे वळली.

"दोन्ही बाजू उतरवा," वहिनी म्हणाली. "दोन्ही! मी टेप आणते. आणि आता माझ्याकडून एकाही शब्दाचा निरोप जाणार नाही."

टेप घेऊन ती परतली तेव्हा खिळे उपसल्याचा कर्कश आवाज दोन्हीकडून येत होता. फळ्या उतरवत उतरवत दोघं तळाच्या जुळणाऱ्या रांगेपर्यंत आले. पहिली लांब फळी धाकट्याने उचलली. ती एकट्याला पेलेना, दुसरं टोक चिखलाकडे झुकायला लागलं.

"तिकडचं टोक धर म्हणावं," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

वहिनी सवयीने डावीकडे वळली. तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फळी झुकत राहिली. धाकट्याच्या हातून ती सुटायला लागली.

"दादा, धर ना रे!"

थोरल्याने फळी धरली. "जरा वर घे. अजून. बस." एवढंच बोलला.

वहिनीला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो संताप. आत जाऊन ती आईंच्या पायाशी बसली. "दोन शब्दांचं काम होतं, आई," ती म्हणाली, "आणि माझी सगळी उमेद ह्यांचे निरोप पोचवण्यात गेली." आईंनी न वळता हात मागे केला आणि तिचं मनगट घट्ट धरलं. बाहेर पहिली फळी ठोकली गेली आणि खोलीत येणारा वारा तेवढाच कमी झाला.